सावलीतली सुगंधी फुलझाडं : सांगलीत काय टिकेल?

मागचं अंगण | ३ जून

नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमचं बैठं घर आहे. दक्षिणेला जुना बंगला होता, तो पाडून तिथे चार मजली अपार्टमेंट झालं आणि गेल्या दिवाळीपासून आमच्या अंगणातलं ऊन गेलं. अंगण म्हणजे घर आणि त्यांची भिंत यांमधला पट्टा, १२ फूट रुंद, ३५ फूट लांब. माती काळी, पाणी बोअरचं.

सासूबाईंनी लावलेला मोगरा आहे. उन्हाळ्यात परडी भरायची. यंदा मोजून ११ कळ्या आल्या, बाकी नुसता वेलासारखा लांबत सुटलाय. त्या काही बोलत नाहीत. पण रोज सकाळी परडी घेऊन बाहेर जातात आणि तगरीची चार फुलं घेऊन आत येतात. त्यांना आता नीट दिसत नाही, त्यामुळे रंगाचं कौतुक नाही. वास हवा.

एका नर्सरीत विचारलं तर त्यांनी "सावलीत मस्त येतो" म्हणून निशिगंधाचे कंद आणि एक अनंत दिला. निशिगंधाची पानं आली, दांडा एकही नाही. अनंत पिवळा पडलाय. दरवर्षी नवीन लावायला नको असं, बारमाही, सावलीतलं आणि वासाचं काय लावू?

---

खिडकीतून | ३ जून

बारमाही म्हणजे बारा महिने फुलणारं, की एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहणारं? नर्सरीवाले हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात आणि आपण फसतो.

---

मागचं अंगण | ३ जून

वर्षानुवर्षं राहणारं. बारा महिने फुलणारं मिळालं तर नाही कशाला म्हणेन, पण तेवढी हाव नाही.

---

नर्सरीत हरवलेली | ४ जून

निशिगंध सावलीत? त्याला दिवसभर ऊन लागतं. इथले शेतकरी तो उघड्या रानात लावतात, झाडाखाली नाही. कंद काढून उन्हातल्या कुणाला तरी देऊन टाका. मोगऱ्याचंही तेच.

सावलीला वासाची झाडं आहेत, फक्त त्यांची नावं पटकन तोंडात येत नाहीत. सोनटक्का, भुईचाफा, कवठी चाफा, रातराणी, कुंती, हिरवा चाफा, नागदवणा आणि आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते. शिवाय नर्सरीत 'यस्टर्डे टुडे टुमारो' नावाने मिळतं ते: फूल आज जांभळं, उद्या फिकं, परवा पांढरं. घरात कुत्रा असेल तर हे शेवटचं लावू नका, कुत्र्यांना ते विषारी असतं.

एक युक्ती सांगते. वेलांना पाय सावलीत आणि डोकं उन्हात चालतं. जुई, मधुमालती खाली लावून दोरीने गच्चीवर चढवा. फुलं वर येतील, पण संध्याकाळी वास खाली उतरतोच.

---

मिरजकर मास्तर | ४ जून

झाडाचं नाव ठरवण्याआधी सावली कसली आहे ते पाहा. आंब्याखालची सावली वेगळी, इमारतीची वेगळी. आंब्याखाली वर्षभर चाळणीतून गाळल्यासारखा उजेड असतो, पण त्याची मुळं पाणी पिऊन टाकतात. इमारत पाणी पीत नाही, मात्र ती ऋतूप्रमाणे सावली बदलते. आयुष्यभर भूगोल शिकवला म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

सांगली-मिरज साधारण १६.८५ उत्तर अक्षांशावर. १२ मीटर उंच इमारतीची भरदुपारची सावली डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात १० मीटरच्या आसपास पडते. २१ मार्चला ती साडेतीन मीटरवर येते. मे महिन्याच्या ७-८ तारखेला, साडेबाराच्या सुमारास, जवळजवळ नाहीशी होते. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे दक्षिणेची इमारत त्या तीन महिन्यांत दुपारी तुमचं ऊन अडवूच शकत नाही.

तेव्हा ताई, तुमचं अंगण 'सावलीचं' नाही. थंडीत ते विहिरीसारखं आणि मे महिन्यात दुपारचे दोन तास तव्यासारखं. नर्सरीतली शोभेची सावलीची झाडं तुमच्याकडे थंडीत जगतील आणि मे महिन्यात भाजतील. असं झालंय का?

---

मागचं अंगण | ४ जून

मास्तर, अगदी असंच झालंय! मेमध्ये मनी प्लांट आणि फर्न दोन्ही करपले. सावलीत ठेवून करपले कसे म्हणून मी पाण्याला दोष देत होते. दुपारी मी झोपलेली असते, तो उन्हाचा पट्टा मी पाहिलाच नव्हता.

---

हळदवाला बापू | ५ जून

ताई, सोनटक्का लावा आन् निवांत बसा.

आमी हळदीवालं. सोनटक्का म्हंजे हळदीचीच भावकी. आलं, हळद, सोनटक्का, भुईचाफा, समदी एकाच घराण्यातली. जी माती हळदीला चालती ती ह्यांनाबी चालती, आन् सांगलीत हळदीला माती कशी करायची हे काय शिकवाय लागतंय व्हय? काळी माती पाणी धरून ठिवती, तिथं गड्डा कुजतो. म्हणून वाफा जमिनीपास्नं वीतभर उचला. कुजलेलं शेणखत घाला, ताजं नको. गड्डा दोन बोटं खोल, डोळा वर. खोल गाडला तर फुटायला लई येळ लावतो. दोन महिन्यांनी भरणी करा, म्हंजे उघडा पडलेला गड्डा मातीनं झाका. वर पाला पसरा. पाणी रोज थोडं, पन साचू द्यायचं न्हाई.

मास्तरांनी सांगितलं त्यावरनं आनखी एक ध्यानात आलं. ही झाडं थंडीत झोपत्यात. हळदीचा पाला जसा पौष-माघात वाळतो, तसा भुईचाफा पार गायब हुतो, सोनटक्काबी सुस्तावतो. तुमच्या अंगणात अंधार कवा? थंडीत. मग झोपलेल्याला अंधाराचं काय?

---

मिरजकर मास्तर | ५ जून

बापू, शंभरपैकी शंभर. आणि याच हिशेबाने कुंद बाद. कुंद थंडीत फुलतो, ऐन अंधारात.

---

पुण्यात अडकलेला | ५ जून

सोनटक्क्याबद्दल थोडं विरोधी मत. एक, फुलं श्रावणापासून फार तर दसरा-दिवाळीपर्यंत, बाकी आठ-नऊ महिने आल्याच्या वाफ्यासारखं दिसतं. दोन, पसरतो. ब्राझीलमध्ये ओढ्या-नाल्यांच्या काठी त्याने इतका उच्छाद मांडलाय की तिथे तो तण समजतात. तीन, एकेक फूल दिवस-दीड दिवसात मान टाकतं. हार करायच्या उपयोगाचं नाही.

---

हळदवाला बापू | ५ जून

पसरतो तवा उपटून शेजाऱ्याला द्या. अपार्टमेंटवाल्यांनाच द्या, ऊन घेतलंय तर वास घ्या म्हनावं.

---

नर्सरीत हरवलेली | ६ जून

फूल एक दिवसाचं असलं तरी एका कणसातून पुढचे तीन-चार आठवडे नवीन फुलं निघत राहतात. आमच्याकडे १०-१२ दांडे आहेत, भाद्रपदात रोज पाच-सहा फुलं मिळतात. ज्या दांड्याची फुलं संपली तो बुडातून कापायचा, त्याला पुन्हा कणीस येत नाही. तो तसाच ठेवून वाट बघणारे लोक मी पाहिलेत (एक मीच होते).

मात्र गडद अंधाऱ्या कोपऱ्यात नुसती पानं येतील. पट्ट्याचं पूर्वेचं टोक सकाळचं ऊन घेतं का? तिथे लावा.

---

माहुलीचा घाट | ६ जून

साताऱ्याहून रामराम. अनंताचं कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. तुमचा अनंत सावलीने पिवळा पडलेला नाही. पान नीट बघा. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर ती लोहाची उपासमार. काळ्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. वरून बोअरचं जड पाणी, म्हणजे रोज थोडा थोडा चुना आपणच घालायचा. अनंताला आणि कवठी चाफ्याला आंबट माती लागते. आमच्याकडे यवतेश्वराच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती, तिथे माझ्या मावशीचा अनंत काही न करता खिडकीच्या वर गेलाय. मी शहरात आणून लावला तर कळ्या काळ्या पडून गळायच्या.

तुम्ही तो जमिनीतून काढून मोठ्या कुंडीत घ्या. तांबडी माती, पालापाचोळ्याचं खत, धुतलेलं कोकोपीट. चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल असं केलेलं लोह) पुडीवर लिहिलंय तेवढंच फवारा, जास्त घातलं तर पानं जळतात. आणि पावसाचं पाणी साठवा. पागोळ्यांखाली झाकणाचं पिंप ठेवलं तरी एका कुंडीला कित्येक महिने पुरेल. झाकण विसरू नका, नाहीतर वासाआधी डास येतील.

---

खिडकीतून | ६ जून

पाण्यात लिंबू पिळून घातलं तर?

---

माहुलीचा घाट | ६ जून

एका दिवसाच्या पाण्यापुरतं ठीक. मातीतल्या चुन्यापुढे लिंबू किती दिवस टिकणार? सरबत करून प्या.

---

ओली माती | ७ जून

कवठी चाफ्याला माझं एक मत. या धाग्यात त्याला मागच्या बाकावर बसवलंय ते बरोबर नाही. पिकलेल्या कवठाचा वास, पांढरी, मान खाली घातलेली, लहान अंड्याएवढी कळी. संध्याकाळी उमलते आणि एका फुलाने अख्खी खोली भरते. मुळात सावली आवडणारं झाड. महाग मिळतं आणि कासवासारखं वाढतं, हे दोन दोष. आमचं सहा वर्षांत कमरेएवढं झालंय. कुंडीत ठेवून मेमध्ये हिरव्या जाळीखाली सरकवते, बोअरचं पाणी अजिबात नाही. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी याच्यासारखं फूल नाही, कुठल्या फांदीला आलंय ते वासावरून सापडतं.

---

सांगलवाडी | ७ जून

रातराणी लावू नका हो, साप येतात.

---

नर्सरीत हरवलेली | ७ जून

आलेच हे. दर धाग्यात येतात. (साप नाही, हा मुद्दा.)

---

हळदवाला बापू | ७ जून

साप वासाला येत न्हाई. झाडाला रात्री किडं येत्यात, किड्याला पाल-बेडूक, बेडकाला साप. आन् बुडात गचपण असंल तर त्याला लपाय जागा. बूड साफ ठिवा, फांद्या दोनदा छाटा. मोगऱ्याखाली गवत माजवलं तर तिथंबी ईल.

---

सांगलवाडी | ७ जून

बरं, मानलं. तरी माझी बायको लावू देणार नाही.

पुराचं मात्र मी सांगू शकतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या अंगणात आठवडाभर पाणी होतं. उतरल्यावर सगळीकडे गाळ. अनंत मेला, कुंती मेली, गुलाब तर विचारूच नका. सोनटक्क्याचे दांडे आडवे होऊन सडले, मी फावड्याने गाळासकट ओढून टाकले आणि विषय संपवला. मार्चमध्ये त्याच गाळातून तीन कोंब वर. तेव्हापासून कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला आलं की आम्ही कुंड्या गच्चीवर नेतो आणि सोनटक्क्याला तिथेच सोडतो. विश्रामबागेला ही काळजी नाही, पण नदीकाठचं कोणी वाचत असेल तर उपयोगी पडेल.

---

अमेरिकेतली सांगलीकर | ८ जून

इथे ओहायोत माझ्या घरामागे मेपलच्या गडद सावलीत लिली ऑफ द व्हॅली आहे. मे महिन्यात इवल्या पांढऱ्या घंटा, आणि वास असा की दार उघडं ठेवावंसं वाटतं. कुणी लक्ष न देता दरवर्षी येते. दिवाळीत येताना थोडे कंद आणू का?

---

मिरजकर मास्तर | ८ जून

आणू नका. तिला हिवाळ्याची कडक थंडी काही आठवडे लागते, त्याशिवाय ती फुलत नाही. मिरजेचा जानेवारी तिला उन्हाळा वाटेल. शिवाय कागदपत्रांशिवाय परदेशी कंद आणायला परवानगी नसते, आणि ती मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. घरात नातवंडं असतील तर नकोच.

---

माहुलीचा घाट | ८ जून

याच ओघात: कासला गेलात की 'एकच रोप' म्हणून काही उपटून आणू नका. तिथली बरीचशी झाडं जांभ्या खडकावरच्या बोटभर मातीत, उघड्या उन्हात, पावसाळ्यापुरती असतात. तुमच्या अंगणात आठवड्यात मरतील आणि तिथे एक जागा रिकामी होईल. गाडीच्या डिकीत आमरीची (ऑर्किडची) फांदी घेऊन येणारे लोक पाहिलेत, म्हणून सांगतो.

---

मागचं अंगण | ९ जून

काल रात्री सगळा धागा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. सोनटक्का म्हटल्यावर त्या उठून बसल्या. त्यांचं माहेर हरिपूर. म्हणाल्या, "आमच्याकडं विहिरीच्या थारोळ्याला होता. शाळेत जाताना एक वेणीत आणि एक बाईंना." हळदीची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं) कशी असायची, तोंडातून आत उतरणारा माणूस हवा आहे ना म्हणून आधी कंदील सोडून बघायचा, हेही निघालं. आमच्या लग्नाला २२ वर्षं झाली, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

बापू, गड्डे कुठे मिळतील?

---

हळदवाला बापू | ९ जून

इकत कशाला घेता. आमच्या बांधाला हायेत. सोनटक्क्याचं सहा आन् भुईचाफ्याचं चार गड्डं देतो. मिरगाचा पाऊस झाला की लावा.

---

मागचं अंगण | २१ जून

लावले! पूर्वेच्या टोकाला वीतभर उंच वाफा केला, विटांची कड. सोनटक्का मागे, भुईचाफा पायवाटेच्या कडेला. अनंत कुंडीत गेला. भिंतीच्या बाजूला रातराणी नाही, कुंती लावली (सांगलवाडीकरांच्या सौ. जिंकल्या). पागोळ्यांखाली पिंप ठेवलंय, झाकणासकट.

ब्रह्मकमळाचं पान शेजारच्या काकूंनी दिलं, ते कसं लावायचं?

---

ओली माती | २१ जून

ते पान नव्हे, चपटं खोड आहे, म्हणून तर त्याला मुळं फुटतात. दोन दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्या, मग रेताड मातीत बोटभर खोचा. हे मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, तिथे झाडांच्या फांद्यांवर वाढतं. खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, त्याचा याच्याशी संबंध नाही, पण हे सांगून आपल्याकडे कुणी आरती थांबवत नाही. टांगती कुंडी, वळचणीखाली, म्हणजे मेचं ऊन लागणार नाही. दोन-तीन वर्षं थांबायची तयारी ठेवा. कळीचा देठ वर वळला आणि ती फुगली की त्या रात्री जागायचं, नऊनंतर उमलायला लागतं आणि पहाटे मिटलेलं असतं.

---

मागचं अंगण | १४ सप्टेंबर

सहापैकी दोन गड्ड्यांना कणसं आली. पहिल्याच वर्षी! परवा संध्याकाळी पहिलं फूल. अनंताची नवी पानं हिरवी आहेत, कळ्या नाहीत. कुंती आहे तशी आहे.

सासूबाईंनी फूल देवाला वाहिलं नाही. उशाशी ठेवलं. मी काही विचारलं नाही.

---

पुण्यात अडकलेला | १४ सप्टेंबर

माझा विरोध मागे घेतो. ब्राझीलचं ब्राझील बघून घेईल.

---

मागचं अंगण | १२ जानेवारी

बापू, भुईचाफा मेला वाटतं. पानं वाळून गेली, आता नुसती माती. खुणाही राहिल्या नाहीत.

---

हळदवाला बापू | १२ जानेवारी

झोपलाय. पाणी बंद करा. कुणी काय लावू नका त्या जागी.

---

मागचं अंगण | २६ एप्रिल

आज सकाळी सासूबाई परडी घेऊन निघाल्या आणि पायवाटेवर मधेच थांबल्या. म्हणाल्या, "इथं काहीतरी आहे, बघ गं." पान नाही, देठ नाही, थेट मातीतून दोन फुलं वर आलेली. पांढऱ्या पाकळ्या, मधे जांभळी जीभ. पुढचं पाऊल त्यावरच पडलं असतं.

---

हळदवाला बापू | २६ एप्रिल

आता म्हैनाभर येत ऱ्हातील. पाऊस पडला की मागनं पानं येतील, खालनं जांभळी. तवर चारी गड्ड्यांपाशी काडी रोवून ठिवा, न्हाईतर कुनीतरी खुरपं घालंल.

---

मागचं अंगण | २६ एप्रिल

खुरपं घालून झालंय बापू. फेब्रुवारीत, कोथिंबीर लावायला. मीच. एका गड्ड्याचे दोन तुकडे झाले, घाबरून तसेच परत पुरले आणि तुम्हाला सांगितलं नाही.

---

हळदवाला बापू | २६ एप्रिल

दोन्हीला डोळा असंल तर पाच झाडं झाली तुमची. कोथिंबीर आली का?